दुसऱ्या कप्प्यातलं घर

४ फेब्रुवारी

दादोबा,

पत्र बघून दचकू नकोस. दोन वर्षांनी बोलतेय आणि तेही कागदावर, कारण फोनवर आपल्या दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच लागतो. पत्रात तुला मधेच तोंड घालता येत नाही.

आता बातमी. खाली बसून वाच. मी व्हिडिओ गेमचं काळं मशीन घेतलं.

हस. पोट धरून हस. पहिल्या पगारात पांढऱ्या कंपनीचं मशीन घेतलेली तुझी बहीण काळ्याच्या दारात गेली. दुकानदाराने विचारलं, "भेट द्यायचंय का?" मी म्हटलं, "हो, शत्रूला." तुला माहीतच आहे मी पांढऱ्याकडे का गेले ते. बाबांनी ते पहिलं काळं मशीन आणलं दोघांसाठी, पण चांगला कंट्रोलर कायम तुझ्या हातात आणि वरचं बटण अडकणारा माझ्या. तेव्हाच ठरवलं होतं, कमवायला लागले की तुझ्याकडे नाही असं मशीन घेईन.

आता तुला वाटेल मी तुझ्या त्या ग्रुपवरचं विसरले. नाही विसरले. पांढरा कंट्रोलर मांडीवर घेऊन मी झोपले होते, तो फोटो तू तुझ्या काळेवाल्यांच्या ग्रुपवर टाकलास. खाली लिहिलंस, "पांढरेवाल्यांची शर्यत जोरात चालू आहे." तीनशे लोकांनी माझ्या चष्म्यापासून वयापर्यंत सगळ्यावर हात धुऊन घेतले. तू हसण्याचं चिन्ह टाकत राहिलास. त्यातल्या एकाला तरी म्हणाला असतास, ती माझी बहीण आहे. म्हणून हे नवं मशीन मी नेटला जोडलेलंच नाही. तुझ्या टोळीतलं कोणी माझ्या दारात यायला नको.

तर, तुमच्या काळ्यावर तो घर बांधायचा खेळ आहे ना, तो मी खेळतेय. त्यात बांधलेलं साठवायला तीन कप्पे असतात. पहिल्यात माझी शिकताना केलेली घाण आहे. दुसऱ्या कप्प्यात तुझ्यासाठी काहीतरी बांधतेय. काय ते सांगणार नाही. पाहशील तेव्हा कळेल. त्यात एक प्रश्न पण आहे.

मार्च लागायच्या आत येऊन जा. सध्या मी घरीच असते.

तुझी,
खारूताई

---

१९ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र मिळालं. शेवटी आलीस ना आमच्यात! मी दुकानात मोठ्याने हसलो. समोर डोळे तपासायला बसलेल्या बाई घाबरल्या. "उशिरा का होईना, शहाणपण आलं" असं मी म्हणणार नाही, पण तुला ऐकू गेलंच असेल.

फोटोचं तू अजून धरून बसली आहेस. ते गमतीत होतं. ग्रुपवर सगळे तसंच बोलतात, कोणाच्या मनात काही नसतं.

मार्चच्या आत यायला जमणार नाही. काचा घासायचं नवं यंत्र बसवतायत आणि सेटिंगला मीच लागतो. अर्धा मिलिमीटर चुकलं की गिऱ्हाईक जिना उतरताना पडतं. मे महिन्यात आठ दिवस येतो. तोपर्यंत तुझं बांधकाम पुरं कर. मी आलो की भिंतीला ओळंबा लावून बघणार आहे.

घरी असतेस म्हणजे काय? शाळेत कोणाशी वाजलं का? भूगोलाच्या बाईंनी सुट्टी घेऊन खेळत बसणं बरं नव्हे. भाऊजींना नमस्कार सांग.

दादा

---

२१ मार्च

आदरणीय दादा,

स.न.

ती गेली त्या दिवशी तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात आणि संध्याकाळच्या गाडीने गेलात. आपलं काही बोलणं झालं नाही. फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

तुम्हाला आधी कळवलं नाही याबद्दल रागावू नका. पोटातलं दुखणं नोव्हेंबरात कळलं. जानेवारीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला न सांगताच कळलं होतं. मी तुम्हाला फोन लावायला निघालो की ती हात धरायची. म्हणायची, "त्याने कीव म्हणून यायला नको. भांडायला म्हणून यावं."

तुमचं पत्र आलं तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मोठ्याने वाचायला लावलं. ओळंब्याचं वाक्य दोनदा. खूप हसली. मग म्हणाली, "मे म्हणतोय." आणि पत्र घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. अजून तिथेच आहे.

तिच्या वस्तूंपैकी तुम्हाला काय हवं ते कळवा. मी नीट बांधून पाठवीन.

आपला,
तिचा नवरा (दुसरं काय लिहावं सुचत नाही)

---

३० मार्च

भाऊजी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला नऊ दिवस लागले. चार वेळा बसलो.

माझी तक्रार नाही. तिने मार्चच्या आत ये असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं.

मला फक्त ते काळं मशीन पाठवा. बाकी सगळं तुमच्याकडेच असू दे.

दादा

---

१२ एप्रिल

आदरणीय दादा,

सोबत खोक्यात मशीन पाठवतो आहे. मशीन कसं द्यायचं ही एक गोष्ट मला येते, म्हणून मन लावून केलं. मागची जाळी उघडून धूळ काढली. वायरींना पट्ट्या बांधल्या. आम्ही दुकानात विकतो त्या झेरॉक्स मशीनमध्ये आत मेमरी असते. ऑफिसचा प्रत्येक कागद त्यात राहून जातो. म्हणून एकाकडचं मशीन दुसऱ्याकडे देताना आतलं सगळं पुसायचं, हा आमचा पहिला नियम. तुमच्या मशीनमध्येही तशी सोय निघाली. दोनदा खात्री विचारते, मग पुसते. कारखान्यातून आल्यासारखं कोरं करून पाठवलं आहे. तिने नेट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे काही गुंता नव्हता.

तिने बांधलेलं घर खेळाच्या सीडीत आहे. त्या सीडीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. कडेने धरून डबीत ठेवली आणि डबी तिच्या रुमालात गुंडाळली. तेवढी जपून उघडा.

तिचं बांधकाम तुमच्या हाती जातंय, याने फार बरं वाटतंय.

आपला

---

२० एप्रिल
(हे पत्र टाकलं नाही.)

भाऊजी,

सीडीत काही नसतं. सीडीत फक्त खेळ असतो, दुकानातल्या प्रत्येक डबीत असतो तोच. आपण जे करतो ते मशीनच्या आत राहतं. तुम्ही जे पुसलंत त्यात तिचे तिन्ही कप्पे होते. मी लावून पाहिलं. तिन्ही रिकामे आहेत.

नेट जोडलेलं असतं तर कंपनीकडे एक प्रत राहिली असती. तिने जोडलं नाही ते माझ्यामुळे. तुम्ही बटण दाबलंत, पण प्रत ठेवायचा रस्ता दोन वर्षांपूर्वी मीच बंद केला होता.

आणि मी तुम्हाला "फक्त मशीन पाठवा" असं लिहिलं. "हात लावू नका" एवढं लिहायला काय झालं होतं मला?

---

२२ एप्रिल

भाऊजी,

खोकं मिळालं. सगळं व्यवस्थित आलं. सीडी उत्तम आहे. घर पाहिलं.

तुम्ही काळजीपूर्वक पाठवलंत त्याबद्दल आभारी आहे.

दादा

---

३ मे

आदरणीय दादा,

तुमचं चार ओळींचं पत्र आलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. उगाच धाकधूक होती, की वाटेत काही बिघडलं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू.

खरं सांगू का, मी ते घर धड पाहिलेलं नाही. ती टीव्हीसमोर बसायची, मी मागून पाण्याचा पेला घेऊन जायचो. की लगेच, "मागे सर. पांढरेवाल्यांना प्रवेश नाही." मी म्हणायचो, "अगं, मी कुठला पांढरेवाला? मी झेरॉक्सवाला." तर म्हणे, "लग्नात माझ्या बाजूला बसलास तेव्हाच पांढरा झालास." एवढंच कळलं होतं की ती तुमची लहानपणची जागा आहे, छापखान्यावरच्या दोन खोल्या. एकदा हिरवी खिडकी दिसली होती. एकदा जिना.

जुलैत मला सुट्टी आहे. एक दिवस येऊन ते घर नीट पाहू शकेन का? लांबून पाहिलं तरी चालेल.

आपला

---

११ मे

भाऊजी,

जरूर या. जुलैचा दुसरा रविवार चालेल.

एक विचारायचं होतं. घर मोठं आहे आणि मी ते सावकाश पाहतोय. तुम्ही काय काय पाहिलंत ते आठवेल तेवढं लिहाल का? म्हणजे तुम्ही आलात की त्याच जागा आधी दाखवीन. खिडकी कोणत्या बाजूला होती? जिन्याबद्दल ती काही बोलली होती का?

दादा

---

२५ मे

आदरणीय दादा,

तुम्ही विचारलंत म्हणून मी तिच्या खुर्चीवर बसून आठवत राहिलो. बसल्यावर बरंच आठवलं.

खिडकी डाव्या हाताला. रंग हिरवा, पण खालच्या बाजूला उडालेला. जिन्याची शेवटून दुसरी पायरी आखूड होती. ती पायरी तिने तीन वेळा तोडून बांधली. म्हणाली, "इथे दादोबाचा दात पडलाय." भिंतीवर पेन्सिलच्या रेघा होत्या, उंचीच्या. एकदा म्हणाली, "खाली छापखाना चालू झाला की मजला हलायचा आणि खेळ अडखळायचा. आम्ही मशीनखाली वाया गेलेल्या पत्रिका घड्या करून ठेवायचो. ते इथे कसं दाखवू?"

आणि आठवडाभर ती कशाशीतरी झटत होती. खेळातल्या सामानाची यादी वरखाली करायची आणि म्हणायची, "मेल्यांनी ठेवलंच नाहीये. बनवावं लागणार." तेव्हा ती न्हाणीतल्या पांढऱ्या फरशांचं काहीतरी करत होती. मला नीट दिसलं नाही. मागे सर म्हणाली.

तुम्हाला तर सगळं दिसतच असेल. तुम्ही माझ्यासाठी विचारलंत हे कळतं मला.

आपला

---

२८ जून

भाऊजी,

ठरल्या रविवारी सकाळच्या गाडीने या. मी स्टँडवर येतो. दुकानाला सुट्टी आहे.

पायरी मोजून पाहिली. बरोबर आहे.

दादा

---

१८ जुलै

आदरणीय दादा,

त्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून उठलो आणि गाडीची वेळ झाली म्हणालो. गाडीला दीड तास होता. तुम्हालाही ती वेळ ठाऊक होती. तुम्ही दोघं भावंडं किती वेगळी, असं मला वाटायचं. ती सगळं बोलून टाकायची. पण लपवायचं ठरवलं की दोघंही सारखीच.

दादा, घर फार सुंदर होतं. हिरवी खिडकी, आखूड पायरी, पेन्सिलच्या रेघा. त्या घरातल्या टीव्हीखाली तुमचं जुनं काळं मशीन आणि त्याच्याखाली पत्रिकांची घडी. मी म्हणालो ना, अगदी तसंच आहे. आणि मग तुम्ही न्हाणी दाखवलीत. पांढऱ्या फरशा ओळीने बसवलेल्या. एक रेघ इकडची तिकडे नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाचा हात.

तिची न्हाणी तशी नव्हती.

तिच्या न्हाणीतल्या फरशा उखडलेल्या होत्या. आता सांगतो, मलाही ते पाहिल्यावरच आठवलं. शेवटच्या आठवड्यात मी पेला घेऊन गेलो तेव्हा ती मागे सर म्हणाली नाही. तेवढी ताकद नव्हती. मी विचारलं, "न्हाणी का फोडलीस गं?" ती म्हणाली, "फरशा हव्या होत्या. या कंपनीने सामानात स्वतःची सगळी काळी मशीनं ठेवलीत, पांढरं एकही नाही. मग दोन फरशा एकमेकींवर ठेवून केलं." आणि त्या घरातल्या टीव्हीखाली दाखवलं. काळ्याशेजारी खेटून एक पांढरं. त्या खोलीत ते कधीच नव्हतं, हे मला माहीत होतं. मी तसं म्हणालो. तर म्हणाली, "हाच तर प्रश्न आहे. बघू आता दादोबा ते काढून टाकतो की राहू देतो."

मला तेव्हा अर्थ लागला नव्हता. तुम्ही दाखवलेल्या घरात टीव्हीखाली एकच मशीन दिसलं आणि लागला. आधी वाटलं, तुम्ही ते काढून टाकलंत. खोटं कशाला बोलू, त्या दीड तासात स्टँडवर बसून मला तुमचा राग आला. मग वाटलं, तुम्ही ते काढलं असतंत, तर न्हाणी फोडलेली तशीच दिसली असती. न्हाणी तर नवी होती. सगळंच नवं होतं.

घरी येऊन इथेच राहिलेलं मशीनचं माहितीपुस्तक काढून वाचलं. चौथ्या पानावर लिहिलं आहे, केलेलं सगळं मशीनच्या आत राहतं, सीडीत नाही. दुकानात पंचवीस वर्षं लोकांना सांगतो, साहेब, पुसण्याआधी माहिती कुठे असते ते बघा.

तुम्ही मला ओरडायला हवं होतं. तुम्ही त्याऐवजी दोन महिने घर बांधलंत आणि मलाच विचारून विचारून बांधलंत. मी तर किती हौसेने सांगत होतो.

माफी मागायला तोंड नाही. ती असती तर तिनेच काहीतरी बोलून हा प्रसंग निभावून नेला असता.

आपला

---

२७ जुलै

भाऊजी,

पत्र मिळालं.

एप्रिलमध्ये तुम्हाला लिहिलेलं एक पत्र मी टाकलं नव्हतं. ते सोबत जोडतो आहे. वाचा आणि फाडून टाका. त्यात एक गोष्ट बरोबर लिहिली आहे. तुम्ही बटण दाबलंत ते शेवटी. त्याआधीचं सगळं माझं आहे. ती मार्च म्हणाली आणि मी मे म्हणालो. ती म्हणाली दुखलं आणि मी म्हणालो गंमत होती. तुम्ही निदान धूळ पुसून पाठवलंत.

माफीचा विषय पुन्हा काढू नका. मला ती द्यायचा अधिकार नाही. मलाच जिच्याकडे मागायची होती ती गेली.

ग्रुपवर गेलो. तो फोटो शोधला आणि काढला. पण इतरांनी त्याच्या प्रती उचलून पुढे टाकल्या आहेत, त्या निघत नाहीत. खाली लिहिलं, "ही माझी बहीण होती." एकाने विचारलं, काळी की पांढरी? मी ग्रुप सोडला.

न्हाणीतल्या दोन फरशा उखडल्या. एकमेकींवर ठेवल्या की त्या जरा वाकड्या बसतात, आणि त्या खेळात त्यांना सरळ करता येत नाही. तिच्याही वाकड्याच बसल्या असणार. मी बराच वेळ प्रयत्न केला, मग सोडून दिलं. टीव्हीखाली काळ्याशेजारी ते पांढरं आता आहे. ते त्या खोलीत कधी नव्हतं. मी ओळंबा लावलेला नाही. राहू दिलं आहे.

सगळं दुसऱ्या कप्प्यात ठेवलंय. पहिला आणि तिसरा रिकामे आहेत, तसेच राहतील.

तुमची पुढची सुट्टी कधी ते कळवा. या वेळी जेवून जा. टीव्हीसमोर दोन खुर्च्या लावून ठेवल्या आहेत, आणि मागे सरा असं म्हणणारं आता कोणी नाही.

तुमचा,
दादा